पुण्यातील कचरावेचकांचे आरोग्य आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता

कचऱ्यातून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक, भंगार लोखंड अशा पुन्हा उपयोगात येणाऱ्या वस्तू वेचून त्या भंगाराच्या दुकानात विकणाऱ्या श्रमिकांना कचरावेचक किंवा काचपत्रा वेचणारे म्हणतात. शहरी असंघटित क्षेत्रातील हा एक मोठा आणि जोखमीचा व्यवसाय आहे. पुणे शहरात या व्यवसायात बहुसंख्येने स्त्रिया असून त्यांतील बहुतेक दलित समाजातील आहेत. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेमुळे आणि तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमुळे, मालक नसलेल्या कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पुण्यात इतर शहरांच्या तुलनेत अधिक स्पष्टपणे मांडला गेला.

पार्श्वभूमी

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर अशा भागांतून अनेक भूमिहीन कुटुंबे पुण्यात आली. पुरुषांना हमाली, बांधकाम, बिगारी अशी कामे मिळाली. स्त्रियांपुढे घरकाम किंवा कचरा वेचणे असे दोनच पर्याय बहुधा उरले. कचरा वेचण्यासाठी भांडवल लागत नाही, ओळख लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि वेचलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात. अस्पृश्यतेच्या अनुभवातून आलेल्या अनेक स्त्रियांना दुसऱ्याच्या घरी भांडी घासण्यापेक्षा हे काम अधिक स्वतंत्र वाटले, असेही संघटनेच्या कार्यकर्त्यांनी नोंदवले आहे. हा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. कचरा वेचणे हे केवळ नाइलाजाचे काम मानले, की त्यातील कौशल्यही दिसत नाही आणि ते सुरक्षित करण्याची गरजही वाटत नाही.

कामाचे स्वरूप

पारंपरिक पद्धतीत कचरावेचक पहाटे, महापालिकेची गाडी येण्यापूर्वी घराबाहेर पडत. एका कचराकुंडीवरून दुसऱ्या कुंडीकडे असे दहा-बारा किलोमीटर चालणे होई. गोणी भरत जाई तसे ओझे वाढे, आणि परतताना डोक्यावर तीस-चाळीस किलोचा भार असे. दुकानात मोबदला वजनावर मिळतो. त्यामुळे थोडे कमी उचलावे, एक फेरी टाळावी, असा विचार करणे म्हणजे स्वतःची मजुरी कापणे ठरते. पावसाळ्यात कागद भिजला की दुकानदार त्याचा भाव पाडतो. म्हणजे ओझे जड होते आणि पैसे मात्र घटतात.

काम कुंडीपाशी संपत नाही. वेचलेला माल निवडून वेगळा केल्याशिवाय त्याला योग्य भाव येत नाही. पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, बाटल्या, पत्रा, तांबे, ॲल्युमिनियम या प्रत्येकाचा दर निराळा असतो. ही निवड करायला स्वतंत्र जागा नसल्यास ती झोपडीच्या दारात किंवा घरातच होते. अशा वेळी घर हेच कामाचे ठिकाण बनते, आणि कचऱ्यातील धूळ, जंतू व फुटक्या काचा लहान मुलांपर्यंत पोहोचतात. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर कामगाराचा धोका बराचसा मागे राहतो. कचरावेचकाच्या बाबतीत तो तिच्याबरोबर घरी येतो.

आरोग्याचे धोके

हातापायांना होणाऱ्या जखमा हा रोजचा धोका आहे. फुटकी काच, दाढीची पाती, गंजका पत्रा, खिळे आणि ट्यूबलाइटचे तुकडे पिशवीत दिसत नाहीत; ते हाताला लागल्यावरच कळतात. अशा जखमांमधून धनुर्वात होऊ शकतो. कुंडीभोवतीच्या भटक्या कुत्र्यांचे चावे आणि त्यातून रेबीजचा धोका, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, खरूज, नायटा, पावसाळ्यात ओल्या पायांना होणाऱ्या चिखल्या, हे याच व्यवसायाशी जोडलेले आजार आहेत.

यांत सर्वांत गंभीर धोका वापरलेल्या सुयांचा. दवाखान्यातील कचरा घरगुती कचऱ्यात मिसळण्यास १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी बंदी घातली, आणि २०१६ च्या सुधारित नियमांनुसार सुया व पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच टाकणे बंधनकारक झाले. तरीही लहान दवाखान्यांकडून हा नियम मोडला जातो. शिवाय मधुमेहाचे रुग्ण घरीच इन्सुलिन घेतात आणि सुया घरच्या कचऱ्यात टाकतात; त्यांना हे नियम ठाऊकही नसतात. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासांवरून असे मानले जाते, की बाधित रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बीचा संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, हिपॅटायटिस-सीची सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के असते. कचऱ्यातील सुईवरचे रक्त बहुधा वाळलेले असल्याने एचआयव्हीची शक्यता आणखी कमी होते, पण हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. परिचारिकेला सुई टोचली तर रुग्ण कोण होता हे शोधता येते, नोंद होते, उपचार सुरू होतात. कचरावेचकाला टोचलेली सुई कोणाची होती हे कधीच कळत नाही.

सुई टोचल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुणे, जखम न पिळणे, तोंडाने न चोखणे आणि शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, शासकीय रुग्णालयात जाऊन एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज आहे का हे तपासून घेणे आवश्यक असते. हिपॅटायटिस-बीची लस तीन मात्रांत, साधारणतः पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी दिली जाते. लस स्वस्त आणि परिणामकारक आहे; अडचण आहे ती तिसऱ्या मात्रेपर्यंत पोहोचण्याची. सहा महिन्यांच्या काळात गावी जाणे, वस्ती बदलणे, दिवसाची मजुरी बुडण्याची भीती अशा कारणांनी मात्रा चुकतात. वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन लस दिली तरच ती पूर्ण होते.

जखमांइतकेच, पण हळूहळू जाणवणारे त्रास म्हणजे मान, पाठ, कंबर आणि गुडघे यांचे दुखणे. तासन्‌तास वाकून काम करणे व डोक्यावर ओझे वाहणे ही त्याची कारणे आहेत. कचरा जाळल्याने होणारा धूर श्वसनमार्गाला अपाय करतो. तारांवरील प्लास्टिकचे आवरण जाळून तांबे काढण्याची पद्धत विशेष घातक आहे, कारण पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. फुटलेल्या सीएफएल दिव्यांतून पारा, तर जुन्या बॅटऱ्यांतून शिसे बाहेर पडते.

मिश्री आणि तंबाखूचा उल्लेख येथे करणे भाग आहे. भूक मारण्यासाठी आणि दुर्गंधी सहन व्हावी म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर मिश्री लावतात. त्यातून तोंडाचे विकार व कर्करोग यांचा धोका वाढतो. हे व्यसन असले तरी त्याचे मूळ कामाच्या परिस्थितीत आहे. त्यामुळे केवळ व्यसनमुक्तीचे उपदेश करून ते सुटत नाही.

हातमोज्यांचा प्रश्न

कचरावेचकांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की पहिली सूचना हातमोजे, मास्क आणि बूट वाटण्याची होते. वाटलेले हातमोजे घरी पडून राहतात आणि ‘या बायकांनाच काळजी नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. कचरावेचक स्पर्शाने वस्तू ओळखते. पिशवी मऊ प्लास्टिकची की कडक, कागद कोरडा की ओला, हे बोटांना कळते. जाड रबरी मोज्यांत ही जाणीव जाते, हाताला घाम येतो आणि कामाचा वेग मंदावतो. वेग मंदावला की वजन कमी आणि पैसेही कमी. कापडी मोजे ओल्या कचऱ्यात भिजतात व जंतू धरून ठेवतात. शिवाय साधा मोजा काच अडवतो, सुई अडवत नाही.

औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातच नाहीसा करणे हा पहिला उपाय. त्यानंतर कामाची पद्धत बदलणे. आणि अंगावर घालायची साधने सर्वांत शेवटी. ही उतरंड कचऱ्याला लावली तर पहिला उपाय घराघरात, ओला व सुका कचरा वेगळा करण्याच्या क्षणी होतो. काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवणारा गृहस्थ कचरावेचकाच्या सुरक्षिततेसाठी जे करतो ते कोणताही हातमोजा करू शकत नाही.

कायद्याची चौकट

भारतातील कामगारसुरक्षेचे कायदे मालक व कामगार या नात्यावर उभे आहेत. १९४८ चा कारखाना अधिनियम विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या, अथवा विजेशिवाय चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता. कर्मचारी राज्य विमा योजनाही वर्गणी भरणारा मालक गृहीत धरते. रस्त्यावर वेचणाऱ्या स्त्रीला मालक नाही. भंगार दुकानदार तिच्याकडून माल घेतो म्हणून तो खरेदीदार ठरतो. महापालिकेचा कचरा ती कमी करते, पण ती महापालिकेची नोकर नसते. जुने तेरा कायदे एकत्र करणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचाच विचार करते. कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या तर तिने अनुक्रमे वीस आणि चाळीस अशी दुप्पट केली.

तत्त्वाच्या पातळीवर चित्र वेगळे आहे. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या खटल्यात म्हटले. परंतु हा हक्क कोणाकडे मागायचा, याचे उत्तर कचरावेचकाला कामगार कायद्यात सापडत नाही.

उत्तर अखेर कचऱ्याच्या कायद्यातून आले, ही या विषयातील एक लक्षणीय बाब आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या केली, त्यांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना कचरा व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकले, आणि कचरा हाताळणाऱ्यांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे व मास्क मिळतील याची जबाबदारी निश्चित केली.

संघटना आणि तिने बदललेले काम

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाच्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी पुण्यातील कचरावेचकांमध्ये काम सुरू केले. त्यांचा आरंभ शिक्षणापासून होता. मुले कचऱ्यावर का जातात हे शोधताना त्यांना कळले, की मिसळलेल्या कचऱ्यातून वेचण्यापेक्षा नागरिकांनी सुका कचरा वेगळा करून दारातच दिला तर मिळकत वाढते, वेळ वाचतो आणि हात कमी घाण होतात. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांचे अधिवेशन भरले आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना झाली. आढाव यांनी त्यापूर्वी हमाल पंचायत उभी केली होती, आणि डोक्यावरच्या ओझ्याचा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

पंचायतीने सर्वप्रथम मागितले ते ओळखपत्र. सुरक्षिततेच्या यादीत ओळखपत्र कोठे बसते, असा प्रश्न पडू शकेल. पहाटे गोणी घेऊन फिरणारी स्त्री पोलिसांच्या दृष्टीने संशयित असे. चोरीच्या आळाने तिला चौकीत बसवले जाई, मारहाण होई, माल हिसकावला जाई. या स्त्रियांच्या दृष्टीने हाही कामावरचा धोकाच होता. पुणे महापालिकेने १९९० च्या दशकाच्या मध्यात संघटनेच्या सभासदांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. भारतात अशी मान्यता देणाऱ्या पहिल्या महापालिकांत पुणे व पिंपरी-चिंचवड यांची गणना होते.

२००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी आरोग्यविमा योजना सुरू केली व हप्त्याचा भार उचलला. या मागणीमागे साधा हिशेब होता. कचरावेचक जेवढा माल उचलतात तेवढा कचरा वाहून नेण्याचा व टाकण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो. मग त्या बचतीतील एक अंश त्यांच्या आरोग्यावर का खर्च होऊ नये? दयेऐवजी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून आरोग्य मागण्याची ही भूमिका या चळवळीचे वेगळेपण मानावे लागेल. तथापि विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. पाठदुखी, खरूज, हाताची जखम यांसाठी कोणी दाखल होत नाही, आणि या व्यवसायातील बहुतेक दुखणी याच प्रकारची असतात.

२००० च्या नियमांनी दारोदार कचरा गोळा करणे आवश्यक ठरवल्यावर, ‘स्वच्छ पुणे सेवा सहकारी संस्था’ स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेतात, नागरिक त्यांना मासिक शुल्क देतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे सभासदांकडेच राहतात. आरोग्याच्या दृष्टीने यातील बदल मोठा होता. डोक्यावरची गोणी ढकलगाडीवर आली. कुंडीत उतरणे थांबले. वस्तीतील निवडीच्या जागी काही ठिकाणी महापालिकेने छप्पर असलेल्या निवारा शेड दिल्या. महापालिकेने हातमोजे, साबण, पादत्राणे, रेनकोट व गाड्या पुरवाव्यात असेही ठरले. या साहित्याचा पुरवठा वेळेवर होत नसल्याच्या तक्रारी संघटनेला वारंवार कराव्या लागल्या, आणि कराराचे नूतनीकरणही वेळोवेळी रखडले. करार लांबला की साबणही लांबतो.

लाल ठिपका

घरगुती कचऱ्यातील वापरलेले सॅनिटरी नॅपकिन व लहान मुलांचे डायपर हा कचरावेचकांच्या दृष्टीने सर्वांत किळसवाणा आणि अपमानास्पद भाग. पिशवी उघडून सुका माल निवडताना ते उघड्या हाताने बाजूला काढावे लागतात. यावर संघटनेने दोन बाजूंनी काम केले. एका बाजूस, नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा असे आवाहन नागरिकांना करण्यात आले, आणि जुन्या वर्तमानपत्रांपासून सभासदांनीच त्यासाठी पाकिटे तयार करून विकली. दुसऱ्या बाजूस, २०१३ मध्ये वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याचे आंदोलन झाले. वस्तू विकणाऱ्याने तिच्या विल्हेवाटीचाही भार उचलावा, हा त्यामागचा विचार. २०१६ च्या नियमांत उत्पादकांनी नॅपकिनसोबत विल्हेवाटीचे पाकीट द्यावे आणि नागरिकांनी त्यात गुंडाळूनच कचरा द्यावा अशी तरतूद आली. ठिपका काढायला एक लाल पेन लागतो. तरी हा नियम पाळणारी घरे थोडी आहेत.

कोविड-१९ चा काळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा कचरा संकलन ही अत्यावश्यक सेवा ठरली. भंगाराची दुकाने मात्र बंद झाली. त्यामुळे दारोदार जाणाऱ्या सभासदांना धोका पत्करूनही मिळकतीच्या एका भागास मुकावे लागले, तर फिरून वेचणाऱ्यांचे उत्पन्न जवळपास थांबले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरांतील वापरलेले मास्क व हातमोजे किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवूनच कचऱ्यात टाकावेत, अशी सूचना केली होती. ती घरांनी कितपत पाळली हे सोसायट्यांच्या डब्यांत दिसत होते.

वार्धक्य

या व्यवसायात निवृत्तीचे वय नाही. गुडघे आणि कंबर साथ देईनाशी होईपर्यंत काम चालते, आणि त्यानंतर मुलीला किंवा सुनेला आपला भाग सोपवला जातो. शासकीय योजना मात्र वयाच्या अटींनी बांधलेल्या आहेत. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर १६ ते ५९ या वयातीलच व्यक्तींची नोंद होते. ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ या निवृत्तिवेतन योजनेत प्रवेशाची मर्यादा १८ ते ४० वर्षे असून, नियमित वर्गणी भरणाऱ्यास साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. पुण्यातील अनेक कचरावेचक स्त्रियांनी ती योजना येण्यापूर्वीच चाळिशी ओलांडली होती. जन्मदाखला नसल्याने आधारपत्रावर अंदाजे लिहिलेले वय हेच त्यांचे अधिकृत वय झाले आहे, आणि एखाद्या आकड्याच्या चुकीने योजनेचे दार बंद होते. असंघटित कामगारांना वर्गणीच्या अटीविना, किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील पेन्शन परिषदेने २०१२ पासून लावून धरली. तिच्या दिल्लीतील धरण्यांत पुण्याच्या कचरावेचक स्त्रियाही सहभागी झाल्या.